बंदुकीवरचा नंबर

वापरलेली बंदूक चोरीची आहे की नाही, हे बंदुकीकडे पाहून कळत नाही. नळी, घोडा, चाप, दस्ता सगळे जागच्या जागी असते, विकणारा नीट बोलतो आणि भावही रास्त असतो. कळण्याचा मार्ग एकच आहे. लोखंडावर ठोकलेला नंबर वाचायचा आणि तो कोणाच्या तरी वहीत ‘चोरीस गेला’ म्हणून लिहिलेला आहे का, ते पाहायचे. त्यासाठी बंदुकीवर नंबर असावा लागतो, ज्याच्या घरी चोरी झाली त्याने तो आधी टिपून ठेवलेला असावा लागतो आणि घेणाऱ्याला ती वही पाहता यावी लागते. खासगी मालकीच्या बंदुका जगात सर्वाधिक आहेत त्या अमेरिकेत. तिथे पहिली अट कायद्याने पुरी व्हायला १९६८ साल उजाडले, दुसरी आजही अर्धीमुर्धीच पुरी होते आणि तिसरी सामान्य गिऱ्हाइकापुरती जवळजवळ नाहीच.

महाराष्ट्रात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत होती. लग्नकार्यासाठी शेजारी गेलेले पातेले आपल्याच घरी परत यावे, हा त्यामागचा हेतू; खूण मालकासाठी होती. बंदुकीवरच्या खुणा मालकाचा विचार करून आलेल्या नाहीत. जुन्या युरोपीय खुणा परीक्षेच्या होत्या. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली. नळीत नेहमीपेक्षा जादा दारू भरून बार काढायचा आणि नळी फुटली नाही तर तिच्यावर शिक्का मारायचा, हे या संघाचे काम. बर्मिंगहॅमला असेच परीक्षागृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने उभे राहिले. त्या शिक्क्यावरून नळी भरवशाची आहे एवढे कळे. ती कोणाची, याच्याशी शिक्क्याला कर्तव्य नव्हते.

नंबर आला तो कारखान्याच्या सोयीसाठी. सॅम्युएल कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिव्हॉल्व्हरचे भाग यंत्रावर कापले जात, मग कारागीर ते कानशीने घासून एकमेकांत बसवत आणि पुन्हा सुटे करून पोलाद कडक करण्यासाठी व पॉलिशसाठी पाठवत. ढिगाने सुटे भाग एकाच वेळी कारखान्यात फिरत असत. कुठली नळी कुठल्या चौकटीची, याचा घोळ होऊ नये म्हणून चौकट, नळी, चापाभोवतीचे कडे, दस्त्याची पट्टी अशा भागांवर एकच आकडा ठोकला जाई. जुन्या बंदुकांचे संग्राहक आजही आधी ‘सगळे नंबर जुळतात का’ ते पाहतात. जुळत नसतील तर कोणीतरी दोन बंदुकांची एक केलेली असते.

त्या आकड्याला दुसरा उपयोग हिशेबाच्या वहीतून मिळाला. कुठल्या नंबरचा नग कोणत्या तारखेला कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाला, हे मोठे कारखाने लिहून ठेवू लागले. कोल्टचे ‘पीसमेकर’ या नावाने गाजलेले रिव्हॉल्व्हर १८७३ मध्ये १ या नंबरापासून सुरू झाले आणि १९४० पर्यंत त्याच माळेत साडेतीन लाखांच्या पुढे गेले. विंचेस्टर कंपनीच्या जुन्या वह्या वायोमिंग राज्यातील कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. फी भरली की नंबरापुढची नोंद पत्राने मिळते. अशा पत्राने बंदुकीचे मूळ कळते. पुढच्या शंभर वर्षांत तिला किती हात लागले आणि त्यांतला एखादा चोराचा होता का, याबद्दल पत्र काही सांगत नाही.

शिवाय कारखान्यापुरता असलेला नंबर जगापुरता नसतो. प्रत्येक कारखाना एकपासून मोजत असे, पुष्कळदा प्रत्येक नमुना पुन्हा एकपासून मोजत असे. जर्मन लष्कराच्या लुगर पिस्तुलांवर फार तर चार आकडी नंबर आणि त्यापुढे एक अक्षर असे, आणि नवे वर्ष उजाडले की मोजणी पहिल्यापासून सुरू. त्यामुळे एकाच नंबरची अनेक लुगर पिस्तुले खरीखुरी असू शकतात, आणि त्यांतले एक चोरीला गेले तर बाकीच्या मालकांवर नाहक संशय येऊ शकतो. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळीच गंमत आहे. खरा नंबर दस्त्याच्या तळाशी असतो, जाड लाकडी मुठीखाली तो झाकलाही जातो, आणि चक्री बाहेर काढल्यावर सांध्याजवळ जो आकडा दिसतो तो जुळणीचा किंवा नमुन्याचा. चोरीची फिर्याद लिहिताना हा दिसणारा आकडाच लिहिला गेला, की बंदूक चोरीच्या यादीत असूनही सापडत नाही.

नंबर आणि वही दोन्ही ठिकाणावर असतील तर काय साधते, याचे ठळक जुने उदाहरण अमेरिकेतले नसून कलकत्त्याचे आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांच्या कारकुनाने जकात कचेरीतून शस्त्रे व काडतुसांची २०२ खोकी सोडवली आणि व्हॅन्सिटार्ट रो येथील कंपनीच्या वखारीत १९२ आणून टाकली. उरलेली घेऊन येतो म्हणून तो गेला आणि परत आलाच नाही. कंपनीने तीन दिवसांनी पोलिसांना कळवले. बेपत्ता झालेल्या १० खोक्यांत ५० माउझर पिस्तुले आणि त्यांची ४६,००० काडतुसे होती. माल बंगालच्या क्रांतिकारकांच्या हाती गेला होता. पण प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि नंबरांची यादी कंपनीच्या दप्तरात होती. त्यामुळे पुढे कुठे छाप्यात किंवा चकमकीनंतर माउझर हाती लागले, की नंबर ताडून ते रॉडाच्या मालातले आहे का हे ठरवता येई. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने १९१८ च्या अहवालात हिशेबच मांडला: ४४ पिस्तुले चोरीनंतर लगोलग नऊ गटांत वाटली गेली, दरोडे, खून आणि त्यांचे प्रयत्न मिळून ५४ प्रकरणांत ती वापरली गेली आणि तोवर ३१ परत मिळाली होती. एका चोरीतल्या नगांचा इतका बारीक माग काढता आला त्याचे श्रेय पोलिसी हुशारीइतकेच दुकानाच्या यादीलाही द्यावे लागते.

अमेरिकेत अशी यादी दुकानापुरतीच असे, आणि तीही दुकानदाराच्या मर्जीवर. गहाणवट्यांकडून पोलीस रोजच्या चिठ्ठ्या मागवत, शहराशहरांतून चोरीच्या मालाची छापील पत्रके फिरत. शिकागोत चोरलेले रिव्हॉल्व्हर सेंट लुईसमध्ये विकले गेले तर ते पत्रक तिथे पोचलेले असण्याची शक्यता थोडीच. संघराज्याने पहिले खरे पाऊल १९३८ मध्ये उचलले. त्या वर्षीच्या कायद्याने आंतरराज्य व्यापार करणाऱ्या बंदूकविक्रेत्याला परवाना लागू झाला, त्याची वार्षिक फी एक डॉलर. विक्रीची नोंद ठेवणे सक्तीचे झाले, आणि चोरीची किंवा नंबर खोडलेली बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवणे हा गुन्हा ठरला. नंबर खोडणे गुन्हा, पण प्रत्येक बंदुकीवर नंबर असलाच पाहिजे असे मात्र त्या कायद्यात नव्हते. स्वस्त .२२ रायफली आणि शॉटगन पुढेही बिननंबरी विकल्या जात राहिल्या. आजही जुन्या शेतघरांतून अशा बंदुका निघतात. त्या चोरीच्या आहेत का, हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही.

१९६३ मध्ये नंबराची ताकद साऱ्या जगाने पाहिली. २२ नोव्हेंबरला अध्यक्ष जॉन केनेडी यांची डॅलसमध्ये हत्या झाली आणि टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरीच्या सहाव्या मजल्यावर एक इटालियन लष्करी रायफल सापडली. ती मानलिखर-कारकानो जातीची होती आणि तिच्यावर नंबर होता सी२७६६. इटलीच्या लष्कराने मोडीत काढलेला, म्हणजे वापरलेलाच माल होता तो. असा माल न्यूयॉर्कची क्रेसेंट फायरआर्म्स कंपनी विकते हे त्याच संध्याकाळी कळले; तिच्या कागदांत हा नंबर शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाकडे गेल्याचे निघाले. क्लाइन्सच्या अधिकाऱ्यांनी रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत नोंदी चाळल्या. २० मार्च १९६३ रोजी ती रायफल ‘ए. हायडेल’ या नावाने डॅलसच्या एका टपालपेटीवर पाठवली होती. मासिकातल्या जाहिरातीचे कुपन कापून, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट आणि टपालखर्च दीड डॉलर पाठवून ली हार्वी ऑस्वाल्डने ती खोट्या नावाने मागवली होती. गोळ्या झाडल्या गेल्यापासून सोळा तासांच्या आत कागदाने टपालपेटी गाठली. हे जमले कारण माग सरळ होता. आयात करणारा, दुकानदार आणि गिऱ्हाईक अशा तीन पायऱ्या, आणि तिन्ही कागदावर.

साडेचार वर्षांनी त्याच घरातल्या दुसऱ्या हत्येत उलटा अनुभव आला. ५ जून १९६८ रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या सिरहान सिरहानकडे आयव्हर जॉन्सन कंपनीचे .२२ रिव्हॉल्व्हर होते. कॅलिफोर्नियात दुकानातून विकल्या जाणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची नोंद राज्याकडे जात असे, म्हणून नंबरावरून पहिला खरेदीदार लगेच सापडला. तो होता १९६५ च्या वॉट्स दंगलीच्या वेळी घाबरून शस्त्र घेतलेला एक वयस्क गृहस्थ. त्याच्याकडून ते मुलीकडे गेले होते, मुलीने शेजारच्या तरुणाला देऊन टाकले होते आणि त्या तरुणाने ते सिरहानच्या भावाला विकले होते. यांतले एकही हस्तांतर कागदावर नव्हते. पोलिसांना दारोदार जाऊन माणसांनाच विचारावे लागले, आणि माणसे खरे बोलली म्हणून साखळी जुळली. एखाद्याने ‘हरवले’ किंवा ‘चोरीला गेले’ असे सांगितले असते तर माग तिथेच तुटला असता. नंबर पहिल्या खरेदीदारापर्यंत नेतो आणि सेकंडहँड व्यवहार सुरू होतो नेमका तिथून पुढे. अमेरिकी पद्धतीतली ही फट तेव्हाही सर्वांना दिसली आणि आजही ती तशीच आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी ४ एप्रिलला झाली होती. या हत्यांनंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. टपालाने सरसकट बंदुका मागवणे बंद झाले. परवानाधारक दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ठराविक अर्ज भरून घेणे बंधनकारक झाले. दुकान बंद केले तर वह्या सरकारकडे जमा करणे आले. आणि यापुढे बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर नंबर सक्तीचा झाला. चोरीची बंदूक, ती चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, घेणे, ठेवणे वा विकणे यांसाठी संघराज्याच्या कायद्यात शिक्षा आली.

चोरीच्या बंदुकांची वही मात्र पावणेदोन वर्षे आधीच तयार झाली होती. २७ जानेवारी १९६७ रोजी एफबीआयने राष्ट्रीय गुन्हेमाहिती केंद्र सुरू केले. पत्रकांचे आणि टेलिटाइपचे काम संगणकावर आले. सुरुवातीला त्यात पाचच याद्या होत्या: पाहिजे असलेले आरोपी, चोरीची वाहने, वाहनांच्या चोरीच्या नंबरपाट्या, चोरीच्या इतर वस्तू आणि चोरीच्या बंदुका. एखाद्या गावच्या ठाण्यात चोरीची फिर्याद आली, की तिथला पोलीस बंदुकीचा नंबर, बनावट, बोअर आणि प्रकार यंत्रात टाकतो. हजार मैलांवर गस्तीवरच्या दुसऱ्या पोलिसाला त्याच नंबराची बंदूक सापडली तर त्याला काही क्षणांत उत्तर मिळते. चोरीच्या गाडीची नोंद काही वर्षांनी यादीतून निघून जाते, बंदुकीची जात नाही. ती परत मिळेपर्यंत राहते. म्हणून सत्तरच्या दशकात चोरलेले पिस्तूल आजही एखाद्याच्या हातातून जप्त होते, आणि त्या माणसाने ते भर बाजारात रोख पैसे मोजून घेतलेले असते.

ही यादी दोन ठिकाणी अधू आहे. तिच्यात नोंद करण्याचा आणि ती पाहण्याचा अधिकार पोलिसांचा. नागरिकाला ती उघडता येत नाही. आणि तिच्यात तेवढेच येते जेवढे मूळ मालक सांगतो. परवानाधारक दुकानदाराने चोरी ४८ तासांत कळवलीच पाहिजे असा नियम १९९४ मध्ये झाला. घरमालकावर संघराज्याच्या कायद्याने तसे बंधन नाही. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत ते घातले आहे. त्यातही पुष्कळ मालकांना आपल्या बंदुकीचा नंबर ठाऊक नसतो. पावती हरवलेली, फोटो काढलेला नाही, वडिलांकडून आलेली शॉटगन कपाटात वीस वर्षे उभी. ‘काळी, दोन नळ्यांची’ एवढ्या वर्णनावर यादीत नोंद होत नाही. अमेरिकेच्या न्यायविषयक सांख्यिकी विभागाच्या पाहणीनुसार २००५ ते २०१० या सहा वर्षांत घरफोड्या आणि इतर मालमत्ताविषयक गुन्ह्यांत सुमारे १४ लाख बंदुका चोरीला गेल्या, वर्षाला सरासरी २,३२,४००. पाहणीच्या वेळेपर्यंत पाचांतल्या किमान चार परत मिळालेल्या नव्हत्या. हा सगळा माल कुठेतरी कोणालातरी सेकंडहँड म्हणूनच विकला जातो.

मग नंबरावरून आजचा मालक कोण हे पाहता येईल अशी एकच वही का नाही? तिला कायद्यानेच मनाई आहे म्हणून. सरकारकडे बंदूकमालकांची यादी असली की उद्या घरोघर जप्ती येईल, ही भीती अमेरिकी राजकारणात फार जुनी आणि फार बळकट आहे. १९८६ च्या बंदूकमालक संरक्षण कायद्याने संघराज्याला बंदुकांची किंवा मालकांची नोंदवही उभारण्यास बंदी केली. तिचा परिणाम वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग गावी पाहायला मिळतो. तिथे बंदुकांचा माग काढणारे राष्ट्रीय केंद्र आहे. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या खोक्यांतून तिथे येऊन पडतात. त्यांच्या प्रतिमा काढून ठेवतात, पण नाव टाकून शोधता येईल अशी सोय त्यांत करायची नाही, असा दंडक आहे. त्यामुळे कर्मचारी पाने डोळ्यांनी चाळत बसतात. दुकान चालू असेल तर फोन करून विचारतात: हा नंबर तुम्ही कोणाला विकला? संगणकयुगात मुद्दाम आंधळी ठेवलेली इतकी मोठी कचेरी दुसरी सांगणे कठीण.

याच राज्यातल्या क्लार्क्सबर्गला एफबीआयची दुसरी यंत्रणा आहे. १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८ पासून दुकानातून बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तिथून तपासली जाते. पुष्कळ गिऱ्हाइकांचा समज असा, की तपासणी झाली म्हणजे बंदूकही स्वच्छ ठरली. तसे नाही. तिथे तपासला जातो माणूस: तो शिक्षा झालेला गुन्हेगार आहे का, शस्त्र बाळगण्यास अपात्र आहे का. बंदुकीचा नंबर त्या चौकशीत विचारलाच जात नाही. सोवळा माणूस आणि चोरीचे पिस्तूल अशी जोडी या चाळणीतून सहज पार होते.

घेणाऱ्याला याची झळ दोन प्रकारे बसते. चोराला मालकी मिळत नाही, म्हणून तो ती दुसऱ्याला देऊही शकत नाही, हे तत्त्व इंग्रजी कायद्याच्या परंपरेतील सर्व देशांत आहे. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही आहे. प्रामाणिकपणे पुरे पैसे देऊन घेतलेली बंदूकही ओळख पटताच मूळ मालकाकडे किंवा त्याला भरपाई दिलेल्या विमा कंपनीकडे जाते. पैसे परत मागायचे ते विकणाऱ्याकडे, तो सापडला तर. दुसरी झळ फौजदारी. चोरीची असल्याचे माहीत नव्हते, हा बचाव आहे. पण अगदी पडत्या भावात, पावतीशिवाय, अंधारात गाडीच्या डिकीतून घेतलेल्या पिस्तुलाबाबत तो बचाव न्यायालयात टिकणे अवघड.

नंबरच खोडलेला असेल तर प्रश्न विचारण्याआधीच उत्तर मिळालेले असते. कानस किंवा ग्राइंडर फिरवून आकडा दिसेनासा करणे ही चोराची जुनी युक्ती, आणि तिच्यावरचा उतारा धातुशास्त्रात आहे. ठसा ठोकताना पोलाद केवळ वर खोलगट होत नाही. त्याखालचे कणही दाबले जातात. वरचा थर घासून गेला तरी ती दबलेली जागा आत राहते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावले, की दबलेला भाग आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि आकडे काही काळ भुतासारखे वर उमटतात. प्रयोगशाळेत तेवढ्यात फोटो घेतात. लेझरने कोरलेल्या उथळ नंबराखाली दबलेला थर फारसा नसतो, तिथे ही किमया कमी चालते. ३० जानेवारी २००२ पासून अमेरिकेत नंबर किमान ०.००३ इंच खोल आणि एक सोळांश इंच उंचीचा असावा, असा नियम आहे. आकडा इतका खोल हवा, की खोडणाऱ्याला श्रम पडावेत.

भारतातील रचना अमेरिकेच्या उलट टोकाची आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हत्यारे काढून घेतली आणि लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्याचा हेतू चोरी पकडण्याचा नव्हता, लोकांना निःशस्त्र ठेवण्याचा होता. पण त्यातून परवाना माणसाच्या नावावर आणि बंदूक त्या परवान्यावर, ही पद्धत रुजली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने ती कायम ठेवली. त्याच्या आठव्या कलमाने बंदुकीवरचे नाव, नंबर वा खूण खोडणे, बदलणे किंवा बनावट करणे गुन्हा ठरवला, आणि ज्या बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव, नंबर किंवा ओळखखूण नाही ती विकण्यास मनाई केली. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्याला विकायची असेल तर पाचव्या कलमानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते. त्या दीड महिन्यात घेणाऱ्याचा परवाना आणि बंदुकीचा नंबर दोन्ही पाहता येतात. आजोबा वारले आणि बारा बोअरची बंदूक घरात राहिली, तर वारसांना ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. निवडणूक आली की ठाण्यात शस्त्रे जमा होतात, तेव्हाही परवान्यावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर पुन्हा शेजारी येतात.

म्हणून परवान्याच्या वर्तुळात चोरीची बंदूक विकली जाणे भारतात अवघड; त्या वर्तुळाबाहेर मात्र विकणाराही काही कळवत नाही आणि घेणाराही काही विचारत नाही. गावठी कट्ट्यावर तर नंबरच नसतो. भारतीय पद्धत प्रामाणिक माणसाला कागदांत दमवते, हा आक्षेप खराच आहे. पण सेकंडहँड बंदुकीचा प्रश्न ती बऱ्याच अंशी व्यवहाराआधी सोडवते, अमेरिकी पद्धत तो गुन्हा घडल्यानंतर सोडवायला घेते, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतही नवा बिननंबरी माल आला आहे. घरी जुळवता येतील असे सुटे भाग संच म्हणून मिळू लागले आणि त्यांवर नंबर नसे. २०२२ च्या नियमाने असे संच विकणाऱ्यांना परवाना आणि नंबर लागू केला. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी तो नियम सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. त्याच नियमाने दुकानदारांच्या वह्या वीस वर्षांनी नष्ट करण्याची मुभाही काढून घेतली.

अमेरिकेत वापरलेली बंदूक घेणाऱ्याला आज जे करता येते ते थोडेच आहे. व्यवहार परवानाधारक दुकानातून करायचा, विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नंबरासकट सही केलेली पावती घ्यायची आणि पैसे देण्याआधी स्थानिक पोलिसांना नंबर तपासून देण्याची विनंती करायची. काही ठाणी ते करतात, काही नकार देतात. फ्लोरिडा राज्याचा पोलीस विभाग आपल्या राज्यातील चोरीच्या बंदुकांची यादी नंबर टाकून कोणालाही पाहू देतो. तिथे नंबर सापडला नाही तर त्या राज्याच्या यादीत तशी नोंद नाही, इतकाच त्याचा अर्थ. शेजारच्या राज्यातली चोरी त्यात दिसणार नाही आणि न नोंदवलेली चोरी तर कुठेच दिसणार नाही.

आश्चर्य वाटेल, पण जुन्या बंदुका रोज विकत घेणाऱ्या परवानाधारक दुकानदारालाही एफबीआयची यादी पन्नासहून अधिक वर्षे बंद होती. जून २०२२ मध्ये मंजूर झालेल्या सुरक्षित समुदाय कायद्याने, दुकानात विकायला आलेली बंदूक चोरीची आहे का हे स्वेच्छेने पडताळण्यापुरती ती दुकानदारांना पाहता यावी असे नियम करण्यास सांगितले. दुकानाबाहेर दोन खासगी माणसांत होणाऱ्या व्यवहाराला ही सोय लागू नाही.